अर्धी होडी

राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलेल्या वाचकांना शेवटची पाच मिनिटे आठवत असतील. वारा भरून होडी छान निघालेली असते, किल्ल्याचे काळे बुरूज अंगावर येऊ लागतात, आणि दरवाजा समोर दिसतो न दिसतो तोच तांडेल शीड उतरवतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे आम्हाला एका छोट्या होडीत उतरवून घेतले आणि तिने आम्ही पायऱ्यांना लागलो. आमच्यातल्या एका आजी नातवाचा हात धरून त्या हलत्या होडीत पाय टाकताना म्हणाल्या, "एवढी मोठी होडी आणि शेवटाला ही परडी!"

आजींनी सहज काढलेला हा उद्गार नौकानयनाच्या इतिहासातल्या एका जुन्या अडचणीवर नेमके बोट ठेवतो. जी नौका महासागर ओलांडते तिला किनाऱ्याचे शेवटचे पन्नास हात ओलांडता येत नाहीत. तिचा तळ खोल असतो, ती दूर नांगरावर उभी राहते, आणि पाणी, भाजी, टपाल किंवा डॉक्टर आणायला तिला दुसरी, लहान होडी लागते. मोठ्या जहाजावर अशा चार होड्या टांगता येतात. पण तीस-पस्तीस फुटांच्या शिडाच्या नौकेवर एकटादुकटा माणूस फिरत असेल, तर ही लहान होडी ठेवायची कुठे? मागे दोरीने बांधून ओढत न्यावी, तर वेग कमी होतो आणि वादळात ती पाणी भरून दोर तोडते. डेकवर ठेवावी, तर शिडांच्या दोऱ्यांच्या आड येते. घडी करून ठेवावी, तर वेळेला उघडेल याची खात्री काय?

या प्रश्नात मी ओढला गेलो तो एका मित्रामुळे. तो व्यापारी जहाजांवर आयुष्य काढून निवृत्त झाला आणि गोव्यात स्थायिक झाला. अठ्ठावीस फुटांची एक जुनी शिडाची नौका त्याने घेतली. ती मांडवीच्या पात्रात नांगरलेली असते. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पाठीच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी वीस किलोंच्या वर काही उचलायचे नाही, अशी ताकीद दिली. त्याची फायबरची डिंगी पन्नास किलोंच्या घरातली. म्हणजे नौका पाण्यात आणि हा काठावर. त्याने मला फोन केला, "तू ते जुने समुद्रावरचे ग्रंथ वाचतोस ना? मग सांग, वीस किलोंची होडी कुणी केली होती का?" मी वाचत गेलो, आणि त्या वाचनातून हा लेख झाला. होडीही झाली, पण ती नंतर.

आधी शब्दाविषयी. 'डिंगी' हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला. बंगाली आणि हिंदीतली डिंगी म्हणजे नदीतली छोटी होडी, पुष्कळदा एका ओंडक्यातून कोरून काढलेली. कंपनीच्या काळात तो शब्द गोऱ्या खलाशांच्या तोंडी बसला आणि पुढे ब्रिटिश आरमारात जहाजावरच्या सर्वांत लहान होडीचे ते अधिकृत नाव झाले. ओंडका कोरून केलेल्या होडीचे नाव जगभर हलक्या होडीला मिळाले, हा भाषेचा एक गमतीदार प्रवास आहे.

होडी थोड्या जागेत बसवण्याचा पहिला मोठा धडा उत्तर अटलांटिकच्या कोळ्यांनी दिला. न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्सवर कॉड मासा धरायला जाणारी अमेरिकन गलबते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'डोरी' नावाच्या सपाट बुडाच्या होड्या नेऊ लागली. डोरीच्या बाजू बाहेर कललेल्या असत आणि बसायच्या आडव्या फळ्या काढता येत. फळ्या काढल्या की वाट्या एकमेकींत बसवाव्यात तशा पाच-सहा डोऱ्या एकाच होडीच्या जागेत बसत. यात कसलाही शोध नव्हता. होडीच्या आकारातच ती सोय होती.

अशाच एका टाकून दिलेल्या डोरीवर १८९५ साली जोशुआ स्लोकमची नजर पडली. जगाला एकट्याने शिडाच्या नौकेतून प्रदक्षिणा घालणारा हा पहिला माणूस. त्याची 'स्प्रे' छत्तीस फूट नऊ इंचांची. २४ एप्रिल १८९५ रोजी त्याने बोस्टन सोडले, पण प्रवासाची बरीच तयारी ग्लूस्टर या मासेमारीच्या बंदरात केली. त्याला होडी हवी होती, मात्र आख्खी डोरी एकट्याने चढवणे अवघड आणि डेकवर तिला जागाही नाही. त्याने सरळ करवत घेतली, डोरी मधोमध आडवी कापली, कापलेल्या तोंडाला फळ्या ठोकल्या आणि अर्धी डोरी बरोबर घेतली. अर्धी होडी ही मुळीच होडी नसण्यापेक्षा बरी, आणि एका माणसाला पुरेशी, असा त्याचा हिशेब. शीड चढवायच्या दोरीलाच आकडा लावून तो तिला नाकाने उचलून आत घेई. शिवाय ती कपडे धुवायला आणि आंघोळीलाही उपयोगी पडेल, हे त्याने तेव्हाच ताडले होते. पुढे सामोआ बेटावर त्याची धोबीण या अर्ध्या डोरीवर इतकी खूश झाली की ती आपल्यालाच हवी म्हणून हटून बसली, असे तो मिश्कीलपणे लिहितो.

पण याच अर्ध्या होडीने त्याचा जीव जवळजवळ घेतला होता. डिसेंबर १८९५मध्ये उरुग्वेच्या किनाऱ्याला फार जवळून जाताना 'स्प्रे' वाळूत रुतली. अशा वेळी नांगर होडीत घालून खोल पाण्यात नेऊन टाकायचा आणि त्याच्या दोराने नौका ओढून धरायची, ही रीत. स्लोकम मोठा नांगर आणि त्याचा दोर त्या अर्ध्या डोरीत घालून निघाला. लाटांनी ती भरली. उलटता उलटता त्याने नांगर कसाबसा बाहेर फेकला आणि उपड्या होडीला मिठी मारली, कारण त्या क्षणी त्याला आठवले की आपल्याला पोहता येत नाही! सात समुद्र पालथे घातलेला कप्तान, आणि पोहता येत नव्हते. तीन वेळा त्याने होडी सुलटी करून आत चढायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा ती त्याच्यासकट पालथी झाली. पुढच्या प्रयत्नात तो कसाबसा आत चढला, हाती लागलेल्या एका वल्ह्याने किनाऱ्याला लागला आणि वाळूत कोसळला.

हा प्रसंग मी मित्राला वाचून दाखवला तेव्हा तो एवढेच म्हणाला, "लांबी कापली की तोल कापला जातो." पुढच्या सगळ्या वाचनात मला याच वाक्याची प्रचिती येत गेली. होडी हलकी किंवा छोटी करताना जे वाचते, त्याची किंमत कुठेतरी मोजावी लागते. कधी तोलात, कधी वेळात, कधी भरवशात.

दुसरा मार्ग कापडाचा. त्याची सुरुवात एका भयंकर हकिगतीपासून होते. १८२१च्या सप्टेंबरअखेर जॉन फ्रँकलिनची भूमार्गाने निघालेली आर्क्टिक मोहीम उपाशीपोटी परतत असताना कॉपरमाइन नदीपाशी अडकली. नावा वाटेतच गेल्या होत्या. मोहिमेचा डॉक्टर रिचर्डसन कमरेला दोर बांधून त्या बर्फाळ पाण्यात पोहत निघाला आणि अर्धमेला होऊन ओढून काढावा लागला. आठवडाभर माणसे काठावर बसून राहिली. शेवटी मोहिमेतल्या सेंट जर्मेन या दुभाष्याने वाळुंजीच्या फांद्यांचा सांगाडा केला, अंथरुणे गुंडाळायचे रंग दिलेले कापड त्यावर ताणले आणि एका वेळी एक माणूस बसेल अशी टोपली तयार केली. ४ ऑक्टोबरला सगळे पार झाले. पण वाया गेलेले ते दिवस भोवले. वीस जणांच्या त्या मोहिमेत अकरा दगावले.

ब्रिटिश आरमारातला लेफ्टनंट पीटर हॅल्केट याचे वडील हडसन्स बे कंपनीच्या कारभारी मंडळात होते. उत्तरेकडच्या अशा हकिगती त्याच्या घरात परक्या नव्हत्या. १८४०च्या दशकात त्याने एक अजब वस्तू केली. अंगात घातली की पावसाळी झगा, आणि भात्याने हवा भरली की होडी. रबर चढवलेल्या मॅकिन्टॉश कापडाचे हवेचे वेगवेगळे कप्पे, म्हणजे एक फाटला तरी बाकीचे तरंगणार. चालायच्या काठीला पाते लावले की वल्हे, आणि छत्री उघडली की शीड! हसू येते, पण थेम्स नदीत त्याने ती चालवून दाखवली. १८४५ साली नौदल खात्याने उत्तर दिले ते सरकारी भाषेचा नमुनाच आहे. शोध अत्यंत कल्पक आहे, संशोधन मोहिमांना उपयोगी पडेल, मात्र आरमाराच्या सर्वसाधारण कामाला तो लागू पडणार नाही, असा त्याचा आशय.

मोहिमांना मात्र तो खरोखरच उपयोगी पडला. जॉन रे या ऑर्कनीच्या डॉक्टरने १८४६-४७च्या रिपल्स बेच्या मोहिमेत हॅल्केटची मोठी होडी नेली, मासे धरायची जाळी लावायला कित्येक आठवडे वापरली आणि प्रत्येक मोहिमेत अशी होडी असावी असे लिहून ठेवले. त्याच दशकात फ्रँकलिन दोन जहाजे घेऊन पुन्हा उत्तरेला गेला आणि कुणीच परतले नाही. १८५९ साली शोधपथकाला किंग विल्यम बेटावर घसरगाडीवर बांधलेली अठ्ठावीस फुटी लाकडी होडी सापडली. तिच्यात दोन सांगाडे होते आणि चांदीचे चमचेही होते. गाडी आणि होडी मिळून वजन सुमारे चौदाशे पौंड, म्हणजे साडेसहाशे किलोंच्या आसपास. उपाशी माणसे ते बर्फावरून ओढत होती. त्यांच्या मृत्यूची कारणे अनेक आहेत आणि त्यावर आजही वाद होतात. पण एकाच प्रदेशात, एकाच काळात, एकीकडे पाठीवरून नेता येणारी होडी आणि दुसरीकडे माणसांनाच ओढून संपवणारी होडी, ही दोन चित्रे शेजारी ठेवली की वजनाचा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही.

हॅल्केटला गिऱ्हाइके मिळाली नाहीत आणि त्याने नाद सोडला. त्याची एक होडी ऑर्कनीमधल्या स्ट्रॉमनेसच्या संग्रहालयात आजही आहे.

तिसरा मार्ग घडीचा, आणि तो काढला एका धर्मोपदेशकाने. रेव्हरंड एडवर्ड लायन बर्थन हा अपयश पचवण्यात तरबेज असलेला गृहस्थ. तरुणपणी त्याने जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्याची कल्पना नौदल खात्याकडे नेली होती. हे गोंडस खेळणे जहाज कधीच हलवू शकणार नाही, असे ऐकून तो परतला. आज जगातली जवळजवळ सगळी जहाजे त्या खेळण्यावर चालतात. १८५० साली 'ओरायन' ही आगबोट स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ बुडाली आणि बर्थनच्या डोक्यात घडीच्या होडीने घर केले. होडीच्या लांबीच्या लाकडी बरगड्या दोन्ही टोकांना बिजागरीने जोडलेल्या आणि त्यांवर कापडाचे आतबाहेर दोन थर. मिटली की ती पुस्तकासारखी सपाट, उघडली की दोन थरांमध्ये हवा कोंडलेली. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती मांडली गेली. खात्याचा अभिप्राय पुन्हा प्रतिकूल आला आणि बर्थनने वीस-बावीस वर्षे तिचे नाव काढले नाही.

१८७३ साली खलाशांच्या सुरक्षिततेसाठी संसदेत भांडणारे सॅम्युएल प्लिमसॉल यांनी त्याला पुन्हा उठवले. आता हवा बदलली होती. वर्षभरात आरमाराकडून पंधरा हजार पौंडांच्या मागण्या आल्या. रोमसी गावी कारखाना निघाला. बर्थनच्या होड्या आर्क्टिकला गेल्या, जनरल गॉर्डनकडे खार्टुमला गेल्या, झांबेझी नदीवरही गेल्या. होडीत फारसा बदल झाला नव्हता. बदल झाला होता तो बुडणाऱ्या माणसाकडे बघण्याच्या समाजाच्या दृष्टीत. कारागिरीच्या इतिहासात हे पुष्कळदा दिसते. वस्तू आधी तयार होते आणि तिची गरज पटायला एक पिढी जाते.

तरीही घडीची किंमत वेळात मोजावी लागते, आणि ती किती हे १९१२ साली दिसले. 'टायटॅनिक'वर वीस जीवरक्षक होड्या होत्या. त्यांपैकी चार एंगेलहार्ट पद्धतीच्या, लाकडी बुडाच्या आणि कापडी बाजू उभारायच्या. जागा वाचावी म्हणून त्यांतल्या दोन अधिकाऱ्यांच्या खोल्यांच्या छतावर ठेवल्या होत्या. जहाज कलू लागल्यावर त्या खाली उतरवता उतरवता पाणीच वर आले. एक उपडी तरंगत राहिली आणि तीसेक माणसे रात्रभर तिच्या पाठीवर तोल सांभाळत उभी होती. दुसरी पाण्याने अर्धी भरलेली. होड्या उत्तम होत्या, जागाही वाचली होती. वेळ मात्र मिळाला नाही.

हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही ठरवले की हवा नको, घडी नको. स्लोकमची करवत घ्यायची, पण कापलेला दुसरा भाग फेकायचा नाही.

हे घरच्या घरी शक्य झाले ते विसाव्या शतकातल्या प्लायवूडमुळे. युद्धकाळात पाण्याने न सुटणारे गोंद आले आणि प्लायवूड समुद्रात टिकू लागले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जॅक होल्ट हा नौकारचनाकार आणि बॅरी बकनेल हा घरगुती सुतारकाम शिकवणारा टीव्हीवरचा लोकप्रिय माणूस यांनी लंडनच्या 'डेली मिरर' वृत्तपत्रासाठी 'मिरर' डिंगी बेतली. प्लायवूडचे तुकडे कापायचे, कडेला भोके पाडून तांब्याच्या तारेने कपड्यासारखे शिवायचे आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवायची. सांगाडा नाही, वाफेवर वाकवायच्या बरगड्या नाहीत. सुमारे अकरा फुटांची होडी, वजन पंचेचाळीस किलोंच्या आसपास. आजवर अशा सत्तर हजार होड्या झाल्या. त्यांतल्या पुष्कळ अशा लोकांनी केल्या, ज्यांनी त्याआधी घरातले एखादे फडताळही केले नव्हते.

आम्हीही त्याच वर्गातले. जूनमध्ये मित्राच्या पडवीत काम सुरू झाले. आठ फुटांची होडी, बुडाला सहा मिलिमीटर आणि बाजूंना चार मिलिमीटर मरीन प्लायवूड. पावसाळ्यात हे काम काढणे हा मूर्खपणा होता, हे पहिल्याच आठवड्यात कळले. दमट हवेत एपॉक्सीवर पांढरट, चिकट साय धरते. ती पाण्याने घासून काढल्याशिवाय पुढचा थर बसत नाही. आम्ही रोज सकाळी भांडी घासावीत तशी होडी घासत होतो.

दोन तुकड्यांच्या होडीची युक्ती अशी. मध्यावर दोन आडव्या भिंती बोटभर फटीने शेजारी-शेजारी बसवायच्या, होडी अखंड पूर्ण करायची आणि मग त्या फटीतून कापायची. म्हणजे दोन्ही भाग आपापले बंद राहतात, बोल्टने जोडता येतात, आणि पुढचा लहान भाग मागच्या भागाच्या पोटात बसतो. कागदावर हे सोपे आहे. श्रावणातल्या एका दुपारी, दोन महिने घासून-पुसून उभी केलेली अखंड, देखणी होडी समोर होती आणि मित्राच्या हातात करवत होती. तो ती कितीतरी वेळ धरून उभा राहिला. मग माझ्याकडे देत म्हणाला, "तू काप. मला नाही जमणार." मी कापली. रद्दीवाल्याचा आकड्याचा काटा मागून आणला होता. पुढचा भाग साडेबारा किलो, मागचा साडेअठरा. मित्राने काट्यावरचा आकडा दोनदा वाचला.

रबरी होडी का घेतली नाही, असे पुष्कळांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. १९७२च्या जूनमध्ये डूगल रॉबर्टसन यांची 'ल्युसेट' ही नौका गॅलापागोसच्या पश्चिमेला किलर व्हेल माशांच्या धडकेने काही मिनिटांत बुडाली. सहा माणसे, त्यांत दोन जुळी लहान मुले, हवेच्या तराफ्यात उतरली. निघता निघता रॉबर्टसन यांनी छोट्या फायबरच्या डिंगीचे दोरही कापले होते. दोन-अडीच आठवड्यांत तराफा विरून गेला आणि सहाही जण त्या नऊ फुटी 'एडनामेअर'मध्ये आले. काठ पाण्यापासून टीचभर वर. अडतिसाव्या दिवशी एका जपानी मच्छीमार बोटीने त्यांना उचलले. टणक होडीने इथे बाजी मारली. पण लगेच निष्कर्ष काढू नये. सप्टेंबर २०१८मध्ये अभिलाष टॉमी यांची गोव्यात बांधलेली 'थुरिया' दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी मोडून पडली आणि ते पाठीच्या दुखापतीने जागचे हलू शकत नव्हते. तेव्हा 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजावरून माणसे त्यांच्यापर्यंत पोहोचली ती हवा भरलेल्या रबरी होडीतूनच. जखमी माणसाच्या नौकेला टेकायला मऊ कडाच हव्यात. छत्रीचे शीड उभारणाऱ्या हॅल्केटला हे दृश्य पाहून समाधान वाटले असते.

दसऱ्यानंतर आमची होडी पाण्यात उतरली. पहिल्यांदा मित्राला दोन भाग नौकेवरून एकट्याने उतरवून जोडायला बावीस मिनिटे लागली. आठवडाभराच्या सरावाने ती नऊवर आली. 'टायटॅनिक'ची आठवण ठेवून आम्ही घड्याळ लावूनच बसलो होतो. मग स्लोकमची परीक्षा. जीवरक्षक जाकीट घालून, कमरेएवढ्या पाण्याच्या जरा पुढे मी मुद्दाम होडी उलटवली आणि बाजूने आत चढायला गेलो. ती माझ्यावर उलटली. पुन्हा गेलो, पुन्हा उलटली. तिसऱ्यांदाही तेच. तोंडात मांडवीचे खारे पाणी आणि पाठीमागे मित्राचे हसणे, अशा अवस्थेत मला उरुग्वेच्या किनाऱ्यावरचा तो एकाकी कप्तान जितका कळला तितका ग्रंथातून कळला नव्हता. नंतर आम्ही मागच्या फळीला पाय ठेवायला दोरीचा फास बांधला, दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे केले, आणि मागून चढायचा नियम केला. आता ती उलटत नाही, निदान माझ्या वजनाने तरी नाही.

हलकी होडी किती हलकी असावी, याचे उत्तर या सगळ्यांनी शेवटी एकाच मापाने काढले, ते म्हणजे ती उचलणाऱ्या एका माणसाच्या ताकदीने. स्लोकमने आपल्या दोन हातांचा हिशेब केला, हॅल्केटने आपल्या खांद्यांचा. मित्राच्या होडीचे माप त्याच्या मणक्याने ठरवले. म्हणूनच एकाची होडी दुसऱ्याला हुबेहूब लागू पडत नाही आणि दर पिढीत कुणीतरी पुन्हा करवत हाती घेतो.

यंदा मे महिन्यात गोव्याला गेलो. नौका पावसाळ्यासाठी वर काढली होती. होडीचा मागचा भाग पडवीत पालथा होता. पुढचा दिसेना. परसात गेलो तर वहिनींनी तो विहिरीशेजारी मांडून त्यात पाणी भरले होते आणि घरातल्या सगळ्या गोधड्या भिजत घातल्या होत्या. मित्र वैतागून म्हणाला, "बघ, सांगून ऐकत नाही." वहिनी गोधडी पिळता पिळता म्हणाल्या, "गळत नाही हो अजिबात. दुसरी करणार असाल तर ही माझ्याकडेच राहू दे."

मी त्यांना सामोआच्या धोबिणीची गोष्ट सांगितली. त्यांना ती फारशी नवलाची वाटली नाही.